अर्धी रिकामी काहील

नाव अर्धी रिकामी होती. मग माझी आक्का का बसली नाही?

हा प्रश्न केरबानं आधी नावाड्याला विचारला, तर नावाडी वल्हं धुवायला लागला. मग त्यानं पाटलांना विचारला. पाटील खाली वाकून चपला शोधू लागले, आणि चपला तर पायातच होत्या. देवळाच्या पायरीखाली उभं राहून त्यानं पुजाऱ्याला विचारला, पुजाऱ्यानं घंटा वाजवली. शेवटी तो नदीकडं गेला. नदीनंही काही सांगितलं नाही, पण ती एकटीच अशी होती जिनं तोंड फिरवलं नाही, असं म्हणतात.

फार वर्षांपूर्वी कृष्णेच्या काठावर, धामणडोह गावात हे घडलं. तेव्हा गावाला पूल नव्हता. बाजार पलीकडं, वैद्य पलीकडं, देवीचं ठाणंही पलीकडंच. सगळ्या गावाचं जाणंयेणं तम्माण्णाच्या एका नावेवर चाले, आणि त्या नावेला एक रीत होती. पहिली खेप पाटलांची, पुजाऱ्यांची, मानाच्या माणसांची. मग बाकीच्या गावाची. दिवस कलला की शेवटची खेप वेशीबाहेरच्या वस्तीची, आणि ती माणसं उतरली की नाव आतून-बाहेरून धुवायची. ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं. ती मोडायची कशी, तेही ठाऊक नव्हतं.

केरबा त्या वस्तीतला. आईबाप लवकर गेले, आणि त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, हौसाक्कानं. धाकट्याकडं कोण बघणार म्हणून तिनं लग्नच केलं नाही. तिला हौस एकाच गोष्टीची, हिरव्या बांगड्यांची. नदीवर ती धुणं आपटायला लागली की त्या अशा किणकिणत, की केरबा डोळे मिटूनही सांगे, आक्का आज कुठल्या धोंड्यावर बसलीय. शाळेत तो जेमतेम गेला. बाहेरच्या ओट्यावर बसून अर्धी बाराखडी शिकला, मग मास्तरांशी भांडला आणि पाटी तिथंच टाकून घरी आला. त्याचा हात आधी चाले आणि विचार मागून येई.

"तुझ्या डोस्क्यात चुलवाण पेटलंय," आक्का म्हणे.

चुलवाण म्हणजे गुऱ्हाळातली भट्टी. पाटलांच्या गुऱ्हाळावर केरबा तीच सांभाळी. वर दहा माणसं बसतील एवढ्या लोखंडी काहिलीत उसाचा रस उकळे, आणि खाली भट्टीच्या तोंडाशी बसून केरबा चिपाडं सारत राही. रसाला हात लावायची त्याला मुभा नव्हती. काहील त्याला फक्त खालून माहीत होती, काजळीच्या अंगानं.

आक्काची पूजा साधी होती. रोज सकाळी ती नदीतून ओंजळभर पाणी घेई आणि परत नदीतच सोडी. केरबानं एकदा चेष्टा केली, की तिचंच पाणी तिलाच देतेस होय? तेव्हा आक्का म्हणाली, "माई कुणाला इचारते का, तू कोण म्हणून? काठावर आला त्याला पाणी देते. आपण बी काठावरच्याला परत धाडू न्हाई. एवढीच तिची पूजा."

केरबा हसला आणि विसरून गेला.

एका आषाढात उसात भांगलताना, तण काढताना, आक्काला पान लागलं, म्हणजे साप चावला. केरबानं तिला पाठीवर घेतलं आणि घाटाकडं धाव ठोकली, कारण उतारा देणारा वैद्य पलीकडं होता. नाव सुटतच होती. नावेत सिदगोंडा पाटील होते, त्यांच्या घरची मंडळी होती, पुजारी होता, आणि देवीच्या ओटीचं सामान होतं. नैवेद्याची पाटी एका फळीवर एकटी ऐसपैस बसली होती. अर्धी नाव रिकामी होती. केरबानं हात जोडले. तम्माण्णा नावाडी चुळबुळला आणि म्हणाला, माझ्या हातात नाही रे, यांना सोडून लगेच येतो. नावेतल्या कुणीही नको म्हटलं नाही. पण या म्हणूनही कुणी म्हटलं नाही. सगळे पाण्याकडं बघत राहिले, आणि नाव गेली.

ती परत आली तेव्हा केरबाच्या मांडीवर आक्काच्या बांगड्या गप्प झाल्या होत्या.

मग त्यानं तो प्रश्न विचारत सगळं गाव पालथं घातलं. रात्री झोप येईना. आणि एके दिवशी भर दुपारी तो उठला आणि गुऱ्हाळात गेला. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असे आणि काहील अंगणात पालथी घातलेली असे. ती चिखलात अशी घट्ट बसली होती की कडेखाली बोट शिरेना. केरबानं नखांनी माती उकरली. नखं तुटली, बोटं रक्ताळली, तेव्हा कुठं हात जाईल एवढी फट झाली. जी काहील उचलायला आठ जण लागत ती त्यानं एकट्यानं उभी केली आणि चाकासारखी ढकलत गावातल्या मोठ्या रस्त्यानं नदीकडं निघाला. दगडावर आपटून ती अशी दणाणत होती, की पलीकडच्या तीरावर लोकांना वाटलं, देवीची आरती आज दुपारीच कशी लागली, असं म्हणतात.

लोक घरांतून बाहेर आले. पाटील आपल्या दारात उभे होते. काहील त्यांची. सगळ्यांना वाटलं, आता केरबाची धडगत नाही.

"केऱ्या, कुठं निघालास काहील घेऊन?" पाटलांनी विचारलं.

"माईला विचाराय. तुमी कुणी सांगत न्हाईसा, तर तिलाच विचारतो."

पाटलांचा चेहरा उतरला, कारण त्या नावेत ते स्वतः बसले होते. ते एवढंच म्हणाले की जाऊ दे, गुळाचा हंगाम अजून लांब आहे. आणि आत गेले.

केरबानं काहील पाण्यात लोटली. आपण काय करणार आहोत हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. घाटावर वस्तीतली बायजाआत्या लेकीकडं जायला बसली होती. शेवटच्या खेपेला अजून सगळी दुपार होती. आत्या अंगानं चांगलीच भरलेली आणि तोंडानं फटकळ. केरबा म्हणाला, आत्या, बस. आत्या म्हणाली, "गुळ करणार हाईस व्हय रं माझा?" पण बसली. आणि काहील लगेच तिच्या बाजूनं कलली आणि घोटभर नदी आत आली. मग केरबानं आणखी तिघा-चौघांना बसवलं, आत्याच्या समोर. पाण्यात उतरून त्यानं काहिलीची कडी धरली आणि पोहत पोहत ती ढकलत पलीकडं नेली. मधेच ती भोवऱ्यासारखी फिरली, आत्यानं शेजाऱ्याचा हात गच्च धरला, आणि काहील ठिकाणावर आली.

त्या दिवशी केरबाला तीन गोष्टी कळल्या. काहील गोल, तिला पुढं नाही आणि मागं नाही, म्हणून मानाची जागाही नाही. जड माणसासमोर जड माणूस बसवायचं आणि हलक्यासमोर हलकं. आणि प्रत्येकानं शेजाऱ्याचा हात धरायचा. कुणी अंग चोरून बसलं की काहील कलते.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज काहील घेऊन घाटावर उभा राहू लागला. जो आधी येईल तो आधी बसेल. तो स्वतः कधी आत बसत नसे, पाण्यातच असे. घाटावर आला की आधी ओंजळभर पाणी घेई आणि परत सोडी. तम्माण्णा आपल्या नावेतून हाळी देई, "ए काकवी, इरघळू नगंस पाण्यात." नावेतले लोक हसत. केरबा तोंडातलं पाणी थुंकून म्हणे, "तुझी नाव धुवून धुवून झिजली, आदी ती सांभाळ." वस्तीची माणसं काहिलीनं जाऊ लागली, मग वाटसरू, मग गावातले घाईचे लोक, आधी इकडंतिकडं बघून आणि मग न बघता. पण मानाची माणसं आली नाहीत. पुजाऱ्यानं सांगितलं की काजळीत बसून देवीला गेलेलं देवीला पोचत नाही.

केरबानं मनाशी एक गाठ बांधली होती. त्या दिवशी नावेत जे बसले होते त्यांतल्या एकालाही या काहिलीत घ्यायचं नाही. मग ते पाया पडले तरी. आक्काची पूजा तो करत होता, पण पूजेतलं एक वाक्य त्यानं तेवढं गाळलं होतं.

श्रावणात माई फुगली. असा पूर त्याआधी कुणी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. पहाटेपर्यंत पाणी वेशीत आलं, उजाडेपर्यंत घरांत शिरलं. जो तो महादेवाच्या टेकावर पळाला, कारण गावात उंच जागा तेवढीच होती. तम्माण्णानं नाव टेकाच्या पायथ्याला बांधली. दोर तुटला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नाव वाहत गेली. टेकावर, मधल्या कोरड्या जागेत, मानाची माणसं होती. कडेला, घोट्याएवढ्या पाण्यात, वस्तीतली काही माणसं उभी होती. आणि पाणी चढतच होतं.

केरबा आदल्या सांजेपासून पलीकडच्या उंच माळावर होता, काहिलीसकट. त्यानं काहील लोटली आणि पोहत टेकाशी आला. त्याला बघून सगळं टेक पुढं सरकलं. केरबानं पाटलांना बघितलं, पुजाऱ्याला बघितलं, तम्माण्णाला बघितलं. त्याच्या डोक्यातलं चुलवाण पेटलं.

"वस्तीची माणसं तेवढी बसा," तो म्हणाला.

वस्तीची पाच-सहा माणसं बसली. बायजाआत्याही त्यांत होती. पाटलांची सून तान्ह्या पोराला उराशी धरून अगदी पाण्याजवळ आली होती. तिनं पोर आणखी वर उचलून धरलं. केरबानं पाठ फिरवली आणि काहील लोटली.

थोडं अंतर गेल्यावर बायजाआत्या वळली. तिनं टेकाकडं बघितलं, मग काहिलीत बघितलं. मग खाली वाकून, फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"केरबा, काहील अर्धी रिकामी हाय."

केरबाचे हात थांबले. असं म्हणतात, की त्या क्षणी पुराचं पाणीही थांबलं. त्याला समोर काहील दिसत नव्हती, नाव दिसत होती. नैवेद्याची पाटी दिसत होती. आणि टेकावर, जिथं पाटलांची सून उभी होती, तिथं त्याला बहिणीला पाठीवर घेऊन उभा असलेला कुणीतरी दिसला. त्याच्या ध्यानात आलं, की आता हा प्रश्न त्याला विचारला जाईल, आणि त्यालाही उत्तर देता येणार नाही. तो पाण्यात रडला की नाही हे कुणाला कळलं नाही, कारण तो सगळा पाण्यातच होता.

त्यानं काहील मागं वळवली.

टेकाला लागल्यावर तो म्हणाला, पोर घेतलेली बाई आधी, मग जे पाण्याजवळ आहेत ते. पाटील मागं सरले. ते म्हणाले, आमची पाळी शेवटी, ते बरोबर आहे. केरबाला त्या वेळी मानपानाला सवड नव्हती.

"आण्णा, पाळीचं ऱ्हाऊ द्या. आत्याच्या समोर तिच्या वजनाचं माणूस पायजे, आणि सगळ्या टेकावर ते तुमीच हाईसा."

एवढ्या पुरात, एवढ्या भीतीत टेकावर कुणीतरी फस्सकन हसलं. मग आत्या हसली. मग पाटील स्वतः. ते उतरले आणि आत्याच्या समोर बसले. त्यांच्या एका बाजूला वस्तीतला मोळ्या विकणारा म्हातारा होता, दुसऱ्या बाजूला पुजारी. काहील सुटली. पुजाऱ्यानं सवयीनं अंग चोरलं, पलीकडच्या बाईचा पदर लागू नये म्हणून जरासं आत घेतलं, आणि तेवढ्यानं काहील कलली. माई घागरभर आत डोकावली. पोर किंचाळलं.

"हात धरा," केरबा पाण्यातून म्हणाला. तो ओरडला नाही. "अंग चोरलं की ती कलते. हात धरा."

पुजाऱ्यानं हात धरला. एका बाजूला बाईचा, दुसऱ्या बाजूला पाटलांचा. पाटलांनी म्हाताऱ्याचा धरला. हातांचं कडं पुरं झालं आणि काहील ताटासारखी सपाट झाली. पलीकडं पोचल्यावरही किती वेळ कुणी हात सोडले नाहीत. सोडायचे असतात हे आठवलंच नाही, असं म्हणतात.

अशा खेपा दिवसभर चालल्या. गुरं गेली, कणग्या गेल्या, घरं बसली. पण माणूस एकही गेलं नाही. शेवटी टेकावर एकटा तम्माण्णा उरला आणि पाणी त्याच्या छातीला लागलं. त्यानं केरबाला खूण केली, की तू जा, मला नेऊ नकोस. केरबा म्हणाला, बस. तम्माण्णा बसला, आणि काहील लगेच कलली, कारण समोर कुणीच नव्हतं. तेव्हा केरबा पहिल्यांदा पाण्यातून वर आला आणि त्याच्या समोर बसला.

आता दोघे समोरासमोर, आणि काहील ढकलायला कुणी नाही. वल्हं नाही, दोर नाही, आणि भोवती पूर. केरबानं हात पुढं केले. तम्माण्णानं ते धरले.

"तुझी आक्का," तम्माण्णा म्हणाला, आणि त्यानं मान खाली घातली.

"धरून ऱ्हा," केरबा म्हणाला.

आणि काहील निघाली. फिरली नाही, कलली नाही. त्या तसल्या पुरात आडवी, सरळ, जसं कुणी मागून ढकलतंय. काठावर उभ्या असलेल्या लोकांनी बघितलं. काहिलीच्या मागच्या कडीवर दोन हात होते, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांचे. बायजाआत्यानं बघितले, पाटलांनी बघितले, पाटलांच्या सुनेनं तर मरेपर्यंत सांगितलं. केरबाला ते दिसले नाहीत, कारण त्याची पाठ तिकडं होती. त्याला फक्त किणकिण ऐकू आली. धुणं आपटताना येते तशी. त्यानं डोळे मिटून घेतले आणि मागं वळून बघितलं नाही.

काहील काठाला लागली. केरबा उतरला, ओंजळभर पाणी घेतलं, परत सोडलं, आणि तिथंच ओल्या गवतावर आडवा झाला. आक्का गेल्यापासून त्याला झोप नव्हती. आता लागली. सगळं गाव त्याच्या भोवती बसून राहिलं, पोरांना गप्प करत. पाटलांनी आपलं उपरणं पिळून त्याच्या अंगावर घातलं, आणि आत्या म्हणाली, "ओलंच हाय की ओ ते, आण्णा." तरी ते कुणी काढलं नाही.

पूर ओसरल्यावर तम्माण्णानं नवी नाव बांधली. तिची दोन्ही टोकं सारखी होती, कुठलं पुढचं ते कळू नये म्हणून. ती नाव कधी धुतली गेली नाही, पावसानं धुतली तेवढीच. जो आधी घाटावर येई तो आधी बसे. केरबाच्या प्रश्नाला मात्र कुणी कधी उत्तर दिलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

केरबा खूप जगला. म्हातारपणी त्यानं पूल झालेला बघितला. तेव्हा गावानं ठरवलं की आता ही काहील देवळात ठेवायची, तिला चांदीची कड करायची आणि रोज दिवा लावायचा. केरबा काठी टेकत आला.

"देऊळ म्हटलं की दार आलं," तो म्हणाला. "दार आलं की दारात कुणीतरी उभा ऱ्हाणार. काहील चुलवाणावर चढवा. गुळ करा."

म्हणून धामणडोहात अजूनही हंगामाचं शेवटचं आधण, म्हणजे रसाची शेवटची काहील, केरबाच्या नावानं उकळतात. त्या दिवशी गूळ विकत नाहीत. सगळं गाव काहिलीभोवती गोल बसतं, जड माणसासमोर जड माणूस, आणि ते ठरवताना जी थट्टा चालते ती लांबवर ऐकू जाते. सगळ्यांत लहान पोराला उभं करतात आणि ते बोबड्या बोलानं विचारतं, नाव अर्धी रिकामी होती, मग आक्का का बसली नाही? उत्तर कुणी देत नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याचा हात धरतो, आणि मग गरम गूळ वाटतात.

केरबाच्या नावानं असं आधण पहिल्यांदा उकळलं तेव्हा केरबा स्वतः होता. ज्या रसाला त्यानं जन्मभर हात लावला नव्हता, त्याचा गूळ त्यानं आपल्या हातानं प्रत्येकाच्या तळव्यावर ठेवला. लोक घरोघर गेले. काहील धुऊन पावसाळ्यासाठी अंगणात पालथी घातली होती. केरबा तिच्याभोवती एक फेरी फिरला. मग तो खाली बसला आणि नदीच्या बाजूला तिच्या कडेखाली एक गोटा सरकवून ठेवला, पुढं कधी कुणी एकटाच धावत आला तर त्याला नखांनी माती उकरावी लागू नये, कडेखाली हात जाईल एवढी फट असावी म्हणून.